एसीत काम असतंय, दमायला काय होतंय

साडीच्या दुकानात कामाला आहे म्हटलं की समोरचा पहिलं हेच म्हणतो, बरंय की मग, एसीत काम, ना ऊन ना पाऊस, दिवसभर नव्या साड्या बघायच्या आणि वर पगार. माझी नणंद तर सगळ्यांना सांगत असते की वहिनीला काय, गादीवर बसायचं काम. अगं बाई, गादीवर गिऱ्हाईक बसतं. आमच्याकडं खालच्या मजल्यावर जुनी गादी आहे तिथं पुरुष सेल्समन बसून माल दाखवतात, वरच्या मजल्यावर काउंटर आहेत आणि काउंटरमागं आम्ही बायका उभ्या. सकाळी दहाच्या आधी आत यायचं आणि शटर पडेपर्यंत उभं राहायचं.

दुकानाचं नाव सांगत नाही, सांगलीतलं आहे, पेठेतलं आहे, एवढं पुरे. नोकरी चालू आहे आणि चालू राहावी अशी इच्छा आहे.

पाय दुखतात हे खरंच आहे, आमच्यातल्या निम्म्या जणींच्या पोटऱ्यांवर निळ्या शिरा आल्यात, रात्री कोमट पाण्यात पाय सोडून बसतो, भिंतीला पाय लावून झोपतो, ते सगळं आलं. पण तो थकवा निदान कळतो तरी, दाखवता येतो, मेडिकलमधून मोजे आणता येतात. मला लिहायचंय ते दुसऱ्या थकव्याबद्दल, जो झोपून जात नाही. सुट्टीच्या दिवशी दुपारपर्यंत झोपलं तरी उठल्यावर कुणी नुसतं "चहा घेणार का" विचारलं तरी राग येतो, कारण त्याला उत्तर द्यायला लागणार. भाजी काय करायची हा प्रश्न तर मला शिवीसारखा लागतो. सासूबाई म्हणतात, दुकानात परक्या माणसांशी गोडगोड बोलतीस आणि घरात आलीस की तोंडाला कुलूप. बरोबर बोलतात त्या, मी काय भांडत नाही.

लोक म्हणतात दिवसभर खोटं हसून माणूस दमतो. मला नाही पटत हे. हसायला काय लागतंय, मला माणसं आवडतात, साड्या तर आवडतातच, एखाद्या सावळ्या पोरीला कुणी कधी मोरपंखी लावून बघ म्हटलेलं नसतं आणि आपण तिच्या खांद्यावर पदर टाकला की ती आरशात स्वतःकडं बघतच राहते, तेव्हा मला जे हसू येतं ते काय पगाराचं नसतं. दमवणारी गोष्ट वेगळीच आहे. समोरच्याचा मूड सांभाळायची जबाबदारी सगळी आमच्यावर, आणि ठरवायचा अधिकार कशाचाच नाही. किंमत आम्ही लावत नाही. डिस्काउंट आमच्या हातात नाही. माल बदलून द्यायचा का नाही ते शेठ ठरवणार. पिको-फॉलला उशीर झाला तर तो करणारा वेगळा. पण गिऱ्हाईक चिडतं ते आमच्यावर, आणि ते का चिडलं हे रात्री विचारतात तेही आम्हालाच.

ज्यांनी लग्नाचा बस्ता बघितलाय त्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल. तुळशीचं लग्न झालं की बस्ते सुरू. जत, कवठेमहांकाळ, तासगाव, पलूस, पार अथणी-विजापूरकडून क्रूझर भरून माणसं येतात. नवरीकडची, नवऱ्याकडची, दोन-तीन म्हाताऱ्या, रडणारी पोरं, करवल्या, आणि एक मामा असतात जे दिवसभर कोपऱ्यात बसून भेळ खातात आणि फक्त बिलाच्या वेळी बोलतात. आधी शालू, मग मानाच्या साड्या, मग आहेराच्या. आहेराच्या साड्यांचं सोपं असतं, रेंज सांगतात, थप्पी टाकायची, मोजून घेतात. खरा खेळ शालूचा.

नवरीचा शालू आमच्याकडं नवऱ्याकडचे घेतात. म्हणजे पैसे सासऱ्याचे, पसंती सासूची, नेसणार सून, आणि मत सगळ्यांचं. नवरीला जांभळा आवडलेला असतो, ती बोलत नाही, पण तिचा हात त्या साडीवरून निघत नाही, मला दिसतं ते. सासूला लाल पाहिजे. आत्याबाईंना कुणी विचारलंच नाही म्हणून त्या "आमच्या वेळी असलं काय नव्हतं" म्हणून तोंड फिरवून बसल्यात. नवरीची आई किंमतीच्या चिठ्ठीकडं बघून गप्प, कारण तिकडून शालू भारी आला की इकडून मुलाचा ड्रेस आणि सासूची साडी त्याच तोलाची द्यायला लागणार, आणि बेदाण्याचा दर पडलेल्या वर्षी द्राक्षवाल्या घरात त्याचा अर्थ काय होतो हे तासगावच्या माणसाला सांगायला नको. आणि मधे मी. मी म्हणणार, "मावशी, लाल तर मुहूर्ताला पाहिजेच, तुमची नजर पारखी आहे, हा जांभळा मी आपला रिसेप्शनला म्हणून काढला." मग आत्याबाईंकडं वळून, "आत्या, तुम्ही सांगा, काठ हा बरा का तो, तुम्ही जास्त लग्नं बघितल्यात." नवरीच्या आईला चहा देताना हळूच त्याच रंगातली स्वस्तातली सेमी साडी दाखवायची, कुणाला किंमत ऐकू जाणार नाही अशी. तोंडानं मी फक्त जर, काठ आणि पदर बोलत असते, पण डोक्यात या सगळ्यांचे रुसवे एकाच वेळी धरलेले असतात, आणि एक जरी सुटला तरी पूर्ण बस्ता उठून शेजारच्या दुकानात जातो.

असे चार तास. मग मामा उठतात, एकदम सातशे-आठशे कमी करा म्हणतात, मी म्हणते शेठना विचारते, शेठ नाही म्हणतात, मी हसून येऊन तेच नाही दुसऱ्या शब्दात सांगते, मामा म्हणतात "तुझ्या मनात नाही बाई द्यायचं". माझ्या मनात! आणि कधीकधी मग सगळे उठतात, "जरा बघून येतो". काउंटरवर साड्यांचा डोंगर, एकही बिल नाही. खरं सांगू का, त्यानंतर घड्या घालताना मात्र बरं वाटतं. साडी काही बोलत नाही, तिची समजूत काढायला लागत नाही. नव्या पोरी घड्या घालायला कंटाळतात, आम्ही जुन्या घड्यांवर तुटून पडतो, त्याचं कारण हे आहे.

रात्री हिशोब झाला की एकच प्रश्न, गिऱ्हाईक का फिरलं. आमच्या धंद्यात न घेता गेलेल्या गिऱ्हाईकाला फिरलं म्हणतात आणि कुणाच्या काउंटरवरून किती फिरली त्याची वही असते. त्या वहीत "किंमत जास्त होती" असं कारण लिहीत नाहीत, "नीट बोलली नाही" असं लिहितात. आता त्यात मोबाईलवरच्या रिव्ह्यूची भर. एकीनं आमच्या काउंटरवरच्या पोरीचं नाव घालून एक स्टार दिला होता, कारण काय तर साडी परत घेतली नाही. बिलावर मागे छापलंय की परत घेत नाही, ती बिचारी काय करणार. तरी रिव्ह्यू तिच्या नावानं, आणि शेठनी तिला बोलावून सांगितलं की त्या ताईंना फोन करून सॉरी म्हण. तिनं म्हटलं सॉरी. फोन ठेवल्यावर वॉशरूमला गेली, तोंड धुवून आली, पुढच्या गिऱ्हाईकाला "या ना ताई, काय दाखवू".

दुकानात जिन्यापाशी गांधीजींच्या नावाची ती पाटी पण आहे, ग्राहक आपल्यावर उपकार करतो वगैरेवाली, बऱ्याच दुकानांत असते. ते वाक्य गांधीजींनी कुठं म्हटल्याचा पुरावा काही मिळत नाही असं वाचलं तेव्हापासून मला त्या पाटीचा जरा जास्तच राग येतो, पण ते जाऊ दे.

बीएला मला समाजशास्त्र होतं. तेव्हा आर्ली हॉकशील्ड हे नाव नोट्समध्ये पाठ केलं आणि परीक्षेनंतर विसरले, आता परत शोधून वाचलं. अमेरिकेतली समाजशास्त्रज्ञ, तिनं १९८३ साली भावनिक श्रमावर, म्हणजे पगारासाठी स्वतःच्या भावना सांभाळायच्या कामावर लिहिलं. तिनं विमानातल्या हवाईसुंदऱ्या बघितल्या, ज्यांना हसायचे पैसे मिळतात, आणि त्यांच्या उलट टोकाचे वसुलीवाले बघितले, ज्यांना दरडावायचे पैसे मिळतात. मला ते फारच पटलं कारण आमच्या पेठेत दोन्ही नमुने समोरासमोर आहेत, इकडं आम्ही आणि तिकडं फायनान्सच्या ऑफिसातली पोरं, आणि त्यातला एक जण जेवायच्या सुट्टीत आमच्या जिन्यात बसतो, इतका गरीब स्वभावाचा की त्याला फोनवर ओरडताना ऐकलं तर खरं वाटत नाही. हॉकशील्ड या कामाचे दोन प्रकार सांगते. एक म्हणजे वरवर चेहरा ठेवायचा, आत काही का असेना. दुसरं म्हणजे स्वतःला समजावून खरंच तसं वाटून घ्यायचं, म्हणजे समोरची ओरडतेय तर म्हणायचं की तिच्या घरी लग्न आहे, तिला टेन्शन आहे, बिचारी. नव्या पोरी पहिलं करतात आणि लवकर पकडल्या जातात. आम्ही जुन्या दुसरं करतो. शेठना ते जास्त आवडतं, पण आतून जास्त घेतं ते हेच, कारण मग घरी आल्यावर आपल्याला खरंच काय वाटतंय ते चटकन सापडत नाही.

आता मी जे म्हणते ना की खरी गोष्ट अधिकाराची आहे, ते मला कुठल्या नोट्समधून नाही कळलं, २०१९ च्या पुरात कळलं. त्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ फूट. पेठेत पाणी, खालचा मजला पूर्ण गेला, गादी गेली, रॅकच्या रॅक चिखलात. पाणी उतरल्यावर आम्ही सगळ्यांनी साड्या धुतल्या, वाळवल्या, गच्चीवर, रस्त्यावर, मिळेल तिथं, आणि मग तो भिजलेला माल काढला विकायला. आमच्यातल्या काही जणींची स्वतःची घरं पाण्यात होती, तिकडं चिखल काढून इकडं यायच्या. शरीराचं म्हणाल तर त्याच्याएवढं काम मी आयुष्यात केलं नाही. गर्दी विचारू नका, ढकलाढकली, ओरडाआरडा.

पण शेठनी तेव्हा एक गोष्ट केली, हताश होऊन केली असेल, म्हणाले किंमत तुम्हीच लावा, डाग बघा, माणूस बघा आणि देऊन टाका. बस. एक बाई आली, सांगलीवाडीची, म्हणाली घरातलं सगळं गेलं, अंगावरची एवढी एकच राहिली आहे, मी तिला तीन साड्या दिल्या, किती घेतले ते सांगत नाही. ती रडली, मी पण रडले, कुणी म्हटलं नाही की काउंटरवर रडू नका. कुणी उगाच घासाघीस करायला लागलं तर तोंडावर "नाही जमणार मामा" म्हणून सांगायचे आणि ते ऐकायचे. रात्री घरी जाऊन मी पोराशी बोलायचे, सासूबाईंना दिवसभराचं सांगायचे. दमलेली होते, पण हा जो आत्ता म्हणते तो थकवा नव्हता. दिवाळीपर्यंत नवा माल आला, वही परत सुरू झाली, आणि तो थकवापण आला.

आमच्यातली एक थोरली आहे, तिला सगळे अक्का म्हणतात. अक्का म्हणजे एके काळी अशी की रुसलेलं गिऱ्हाईक जिन्यावरून परत आणायची. गेल्या लग्नसराईपासून ती बदलली. आधी नुसती दमलेली दिसायची, सकाळी आल्या आल्या दमलेली. मग गिऱ्हाईकांबद्दल बोलायला लागली, "आली बघ अजून एक", "घेणार काय नाही, नुसतं उलगडायला आल्यात", तोंडावर नाही पण ऐकू जाईल इतपत. मग एक दिवस मला म्हणाली, मला आता साडी दाखवायलाच येत नाही असं वाटतंय. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये आपल्या आजारांच्या नव्या यादीत बर्नआउटची नोंद केली त्यात हीच तीन लक्षणं आहेत, शक्ती संपणं, कामाबद्दल दुरावा किंवा कडवटपणा येणं, आणि आपण काही कामाचे नाही असं वाटणं. आणि त्यांनी स्पष्ट म्हटलंय की हा आजार म्हणून नाही, कामाच्या ठिकाणच्या ताणातून येणारी गोष्ट म्हणून नोंदवलाय, असा ताण जो खूप काळ चालला आणि नीट हाताळला गेला नाही. मला हे महत्त्वाचं वाटतं, कारण अक्काला सगळ्यांनी काय सांगितलं? शेठ म्हणाले बी-बारा तपासून घे. घरचे म्हणाले पाळी जायचं वय आहे. एक गिऱ्हाईक ओळखीचं होतं ते म्हणालं ध्यान करा. तपासलं, गोळ्या घेतल्या, ध्यान पण केलं म्हणे. काउंटरवरची वही मात्र तशीच.

कायद्याचं म्हणाल तर महाराष्ट्रात दुकानांचा २०१७ चा कायदा आहे. तो आला तेव्हा दहा किंवा जास्त कामगार असलेल्या दुकानांना लागू झाला, त्यात दिवसाला नऊ तास, आठवड्याला ४८ तास, पाच तास सलग काम झालं की अर्धा तास सुट्टी, आठवड्यातून एक दिवस रजा, जादा कामाला दुप्पट पगार असं सगळं लिहिलं होतं. लग्नसराईत अर्ध्या तासाची सुट्टी म्हणजे डबा उघडायचा, दोन घास खायचे, "अगं खाली ये, बस्ता आलाय". आणि लहान दुकानात जिथं चार-पाच जणी आहेत त्यांना तर हेही नाही. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये राज्याच्या मंत्रिमंडळानं नऊचे दहा तास करायला मंजुरी दिली. मुंबईत बसून ठरवणाऱ्यांना बहुतेक दहावा तास नवव्यासारखाच वाटत असेल. आमच्यात शेवटच्या तासाला येणारं गिऱ्हाईक सगळ्यात घाईत आणि सगळ्यात चिडलेलं असतं.

केरळमध्ये मात्र बायकांनी एक काम केलंय. कोझिकोडच्या मिठाई तेरुवू नावाच्या बाजारात कपड्याच्या दुकानातल्या बायकांना बसायची परवानगी नव्हती, बाथरूमची सोय नव्हती म्हणून त्या पाणी प्यायच्या नाहीत. पी. विजी म्हणून शिलाईकाम करणारी बाई, तिनं त्यांना गोळा केलं, संघटना काढली, आणि वर्षानुवर्षं भांडून २०१८ मध्ये तिथल्या सरकारला कायदा बदलायला लावला, दुकानदारानं बसायची सोय करायलाच पाहिजे म्हणून. मग २०२१ मध्ये तमिळनाडूनं पण केला. आणि गंमत बघा, कारखान्यांच्या १९४८ च्या कायद्यात उभं राहून काम करणाऱ्यांना बसायची सोय द्या हे ४४ व्या कलमात लिहिलेलं होतं. मशीनसमोरच्या माणसाला बसायला लागतं हे तेव्हाच कळलं होतं. गिऱ्हाईकासमोरच्या माणसाचं कळायला ७० वर्षं गेली.

तुम्ही म्हणाल खुर्चीचा आणि मनाच्या थकव्याचा काय संबंध. आहे. बसलेली बाई काउंटरवर दिसली की गिऱ्हाईकाला वाटतं ही आपल्यासाठी तयार नाही, म्हणून बसू देत नाहीत, म्हणजे उभं राहणं हे सुद्धा त्या हसण्याचाच भाग आहे. शेठ घरी असले तरी मोबाईलवर कॅमेरा बघतात आणि फोन येतो, तीन नंबरला कोण बसलंय. गिऱ्हाईक नसताना सुद्धा.

हे वाचून गिऱ्हाईकांवर राग आहे असं समजू नका. बस्त्याला आलेली माणसं कर्ज काढून आलेली असतात, दोन घरांच्या मानपानात अडकलेली असतात, त्यांना कुठंतरी चिडायला जागा लागते आणि आम्ही समोर असतो. माझी तक्रार फुकटात घेतात त्याची आहे. माझ्या पगाराच्या चिठ्ठीत हजेरी आहे, इन्सेंटिव्ह आहे, फिरलेल्या गिऱ्हाईकाची वजावट नसली तरी बोलणी आहेत, पण त्या आत्याबाईंचा रुसवा काढला त्याची ओळ कुठंच नाही.

दिवाळीनंतर आम्ही तिघी मिळून शेठना भेटलो. मी, अक्का आणि ती रिव्ह्यूवाली पोरगी. तीन गोष्टी मागितल्या. काउंटरमागं स्टूल. मोठा बस्ता संपला की पंधरा मिनिटं कुणी हाक मारायची नाही. आणि प्रत्येक जुन्या सेल्सवालीला ठराविक टक्क्यांपर्यंत डिस्काउंट स्वतः द्यायची मुभा, शेठना न विचारता. स्टूलवर ते लगेच हो म्हणाले, दोन आणले पण, प्लास्टिकचे. पंधरा मिनिटांचं बघू म्हणाले. डिस्काउंटचं ऐकून हसायलाच लागले, म्हणाले मग मी काय करू, मीच घेतो काउंटर आणि तुम्ही बसा गल्ल्यावर. अक्का म्हणाली चालेल की, या उद्यापासून. आता स्टूलवर अट अशी आहे की फ्लोअरवर गिऱ्हाईक असताना बसायचं नाही, म्हणजे लग्नसराईत ते साड्यांची थप्पी ठेवायलाच वापरतो. डिस्काउंटचा विषय मी गुढीपाडव्याच्या आधी परत काढणार आहे, तेव्हा शेठचा मूड बरा असतो.